न प्यायलेलं पाणी : मूतखडा का आणि कसा होतो

नाशिक जिल्ह्यात एप्रिल महिना खरड छाटणीचा. द्राक्षाचा माल निघून गेलेला असतो, छाटणी जसजशी पुढे सरकते तसतशी वेलीची सावलीही जाते, आणि पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांच्या टोळ्या निफाड, दिंडोरीच्या बागांतून भर उन्हात कात्री चालवत असतात. त्याच सुमारास चांदवड, येवला, लासलगावच्या पट्ट्यात उन्हाळ कांद्याची काढणी चालू असते. मालेगावात पत्र्याच्या शेडखाली यंत्रमाग दिवसरात्र धडधडत असतात आणि पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो. उन्हाळा असा चढला की गावोगावच्या दवाखान्यांत एक हात कमरेवर दाबून आलेली माणसं दिसायला लागतात. त्यांना धड बसवत नाही, धड झोपवत नाही. डॉक्टर इंजेक्शन देतात, सोनोग्राफी लिहून देतात, आणि संध्याकाळी घरात बातमी पोहोचते : सात एमएमचा खडा निघाला.

मग सल्ल्यांना सुरुवात होते. टोमॅटो बंद, वांगं बंद, दूध बंद. बोअरचं पाणी जड आहे, फिल्टर बसवा. कुळथाचं पाणी प्या, पानफुटीचं पान चावून खा. यातलं काही निरुपद्रवी आहे, काही थोडं उपयोगी आहे आणि काही सरळ चुकीचं. पण या सगळ्या सल्ल्यांचा रोख एकाच प्रश्नाकडे असतो : या माणसाने काय खाल्लं? माझं म्हणणं असं आहे की खड्याच्या बाबतीत पहिला प्रश्न हा नाही. या माणसाच्या पोटात पाणी किती गेलं, आणि कमी गेलं असेल तर ते का, हा पहिला प्रश्न आहे. पुढची सगळी प्रकरणं मी याच प्रश्नाभोवती बांधली आहेत. म्हणून शरीराच्या आत काय घडतं ते आधी नीट समजून घेऊ.

दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला जवळपास सगळा पुन्हा रक्तात ओढून घेतला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी उरते. ऊन लागलं, घाम गेला, प्यायला पाणी मिळालं नाही, की मेंदूतून सुटणारं वासोप्रेसिन नावाचं संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला लावतं. लघवी अर्ध्या-पाऊण लिटरवर येते. शरीराला बाहेर टाकायचे क्षार मात्र तेवढेच राहतात. तेच क्षार आता निम्म्या पाण्यात कोंबले जातात.

आता यातल्या एका क्षाराचं गणित पाहा. बहुतेक मूतखडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात. ढोबळमानाने दहांतले सात-आठ. हे कॅल्शियम ऑक्झॅलेट पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. लिटरभर साध्या पाण्यात ते जेमतेम सहा-सात मिलिग्रॅम मावतं. निरोगी माणूस मात्र दिवसाला साधारण २० ते ४० मिलिग्रॅम ऑक्झॅलेट आणि शंभर-दोनशे मिलिग्रॅम कॅल्शियम लघवीवाटे टाकत असतो. म्हणजे खडा व्हायला लागणारा माल तुमच्या-माझ्या लघवीत रोज असतो, आणि साध्या पाण्यात मावेल त्याच्या कित्येक पट असतो. खडा झालेल्या माणसाच्या शरीरात काही परकी वस्तू शिरलेली नसते. उलट, आपल्या सगळ्यांनाच खडे का होत नाहीत, याचंच आश्चर्य वाटायला हवं.

याचं उत्तर लघवीतच आहे. तिच्यात सायट्रेट असतं, तेच जे लिंबात असतं. ते कॅल्शियमला आधीच धरून ठेवतं आणि ऑक्झॅलेटच्या हाती लागू देत नाही. मॅग्नेशियम ऑक्झॅलेटला अडकवतं. मूत्रपिंडातच तयार होणारी काही प्रथिनं कोवळ्या स्फटिकांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. एका बाजूला साचू पाहणारे क्षार आणि दुसऱ्या बाजूला त्यांना विरघळलेलं ठेवणारे हे पहारेकरी, असा तोल जन्मभर चाललेला असतो. पाणी कमी पडलं की पहिली बाजू जड होते. दीर्घकाळच्या जुलाबांत किंवा मांसाहार फार असेल तर शरीरात आम्लता वाढते, मूत्रपिंड सायट्रेट सोडेनासं होतं आणि दुसरी बाजू हलकी पडते.

तरीही एक कोडं राहतं, आणि या विषयातलं ते मला सगळ्यात सुंदर वाटतं. मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांमधून द्रव वाहून जायला काही मिनिटंच लागतात. पाच ते दहा मिनिटं धरा. स्फटिक मिनिटाला एखाद-दुसरा मायक्रॉन वाढतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मग वाहत्या प्रवाहात तरंगणारा स्फटिक कितीही घाईने वाढला तरी नलिकेत अडकण्याइतका मोठा होण्याआधीच तो धुऊन जायला हवा. फिनलेसन आणि रीड या संशोधकांनी १९७८ मध्ये हा हिशेब मांडला. त्यातून निघणारा निष्कर्ष असा की खड्याला वाढायला कुठेतरी बूड टेकायला जागा हवी.

ती जागा त्याआधीच कुणीतरी पाहून ठेवली होती. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे शल्यविशारद अलेक्झांडर रँडॉल यांनी हजाराहून अधिक शवांची मूत्रपिंडं तपासली आणि १९३७ मध्ये लिहिलं की मूत्रपिंडाच्या आतल्या सुळक्यांच्या टोकांवर, अस्तराच्या खाली, चुन्यासारखे पांढरट चट्टे दिसतात आणि काही ठिकाणी त्यांवरच खडा उगवलेला असतो. हे चट्टे कॅल्शियम फॉस्फेटचे, म्हणजे हाडांत असतं तशा जातीच्या क्षाराचे. वरचं अस्तर झिजलं की चट्टा लघवीच्या प्रवाहात उघडा पडतो, त्यावर कॅल्शियम ऑक्झॅलेटचा थर बसतो, थरावर थर चढतो आणि एक दिवस खडा देठापासून सुटतो. सुटेपर्यंत बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. कळ येते ती तो तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या मूत्रवाहिनीत उतरून वाट अडवतो तेव्हा. मागे लघवी तुंबते, मूत्रपिंडाचं आवरण ताणलं जातं, आणि बाळंतपण अनुभवलेल्या बायकाही त्या कळेला बाळंतकळेच्याच पंगतीला बसवतात. पण वाट अडलेली असतानाही कळ थांबू शकते, म्हणून 'दुखायचं थांबलं, म्हणजे खडा गेला' हे गृहीत धरणं धोक्याचं आहे. न दुखणारा खडा वर्षानुवर्षं वाट अडवून बसू शकतो आणि एक मूत्रपिंड गुपचूप निकामी करू शकतो.

सगळेच खडे असे जन्मत नाहीत. युरिक आम्लाचे खडे लघवी फार आंबट झाली की होतात. स्थूलपणा आणि मधुमेहासोबत ते वाढतात, साध्या क्ष-किरण चित्रात दिसत नाहीत, आणि औषधाने लघवीची आम्लता कमी केली तर विरघळूनही जातात. जंतुसंसर्गातून होणारे खडे वेगळे. काही जंतू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात, आणि त्यातून हरणाच्या शिंगासारखा फांद्या फुटलेला मोठा खडा मूत्रपिंडभर पसरू शकतो. सिस्टिनचे खडे आनुवंशिक आणि दुर्मीळ. प्रत्येकाचा उपाय निराळा असतो. म्हणून पडलेला खडा फेकून न देता तपासायला द्यावा, असं मी पुढे पुन्हापुन्हा लिहिलं आहे.

खड्याचं निदान आपल्याकडे फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अश्मरीवर स्वतंत्र अध्याय आहे. स्वच्छ पाणीही नव्या घड्यात भरून ठेवलं तर काळाने तळाशी गाळ बसतो, तसाच खडा होतो, असं तिथे म्हटलं आहे. लघवीत आधीच असलेलं द्रव्य खाली बसतं, ही कल्पना इतक्या लवकर सुचली याचं मला आजही कौतुक वाटतं. चिकित्सास्थानात शस्त्रक्रियेचं वर्णन येतं. तिथे वैद्याला बजावलेलं आहे की शस्त्र चालवलं नाही तर मृत्यू ठरलेला आणि चालवलं तर जगणं-मरणं अनिश्चित, म्हणून आधी राजाची परवानगी घ्यावी.

सुश्रुतापुढचा रुग्ण मात्र आजच्याहून वेगळा होता. तो खडा बहुधा मूत्राशयातला आणि बऱ्याचदा लहान मुलांचा. एकोणिसाव्या शतकातही हिंदुस्थानात तीच स्थिती होती. १८८० च्या दशकात इंदूरला डी. एफ. कीगन हे सर्जन लहान मुलग्यांच्या मूत्राशयातला खडा पोट न फाडता, मूत्रमार्गातून अवजार घालून आतच फोडून काढत होते, आणि मुलांवर हे करता येतं हे युरोपाला त्यांच्या लेखांतून कळलं. पुढे कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी उंदरांना गरिबाघरचा, जवळजवळ निव्वळ धान्याचा आहार देऊन त्यांच्या मूत्राशयात खडे घडवून दाखवले. आहारात दूध आलं की खडे टळत. पोरांच्या पोटात दूध-डाळ जाऊ लागली तसे ते खडे मागे पडले. आजचा खडा मोठ्या माणसाचा आणि मूत्रपिंडातला. घरात सुबत्ता आल्यावर तो कमी होत नाही, वाढतोच.

उन्हाचा आणि खड्याचा संबंध आता केवळ अंदाजाचा राहिलेला नाही. अमेरिकेतल्या पाच शहरांमधल्या सुमारे साठ हजार रुग्णांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तापमान चढल्यानंतर तीन दिवसांच्या आत खड्यासाठी दवाखान्यात येणाऱ्यांची संख्या वाढते, असं त्यात दिसलं. इराक-कुवेतच्या वाळवंटात पाठवलेल्या अमेरिकी सैनिकांना खड्याचा त्रास सुरू व्हायला सरासरी तीन महिने लागले. तीन महिने! द्राक्षकाढणी, कांदाकाढणी आणि खरड छाटणी मिळून आपल्याकडच्या मजुराचे उन्हातले दिवस यापेक्षा कमी नसतात. सैनिकाला निदान पाण्याची बाटली मोजून दिली जाते.

इथे मला बायकांबद्दल लिहायचं आहे, आणि जरा थांबून लिहायचं आहे. खडा हा पुरुषांचा आजार मानला जात आला. पुरुषांत तो जास्त आढळतो हे खरं, पण ते अंतर कमी होत चाललं आहे. द्राक्षाच्या बागेत विरळणीपासून काढणीपर्यंत बायकांचे हात असतात. पहाटे पिकअपमधून निघून दिवस मावळताना परतायचं. बागेत आडोसा नाही, शेजारच्या ओळीत पुरुष काम करताहेत. अशा ठिकाणी बाई पाणी पिणंच कमी करते, कारण पाणी प्यायलं तर लघवीला जावं लागेल. हीच गोष्ट कांद्याच्या खळ्यावरच्या बाईची, एसटीने रोज नाशिक ते सिन्नर ये-जा करणाऱ्या शिक्षिकेची आणि शाळेचं स्वच्छतागृह वापरण्याजोगं नाही म्हणून दप्तरातली बाटली भरलेलीच घरी आणणाऱ्या मुलीची. लघवी तासन्‌तास धरून ठेवली की संसर्गाला वाट मिळते, आणि संसर्गातूनही खडे होतात. 'पाणी भरपूर प्या' हा सल्ला या बायकांना देताना आपण त्यांना अशक्य गोष्ट सांगत असतो. बागायतदाराने बांधावर चार पत्रे उभे करून आडोसा केला, तर औषधाच्या दुकानातल्या कुठल्याही सिरपपेक्षा तो खड्यावर जास्त गुणकारी ठरेल, असं मला मनापासून वाटतं. राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. जिल्ह्यातल्या शेतमजूर बायकांच्या मूत्रविकारांची तालुकावार मोजणी तिथल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून व्हावी, ही माझी इच्छा आहे.

बोअरच्या पाण्याचा मुद्दा टाळून चालणार नाही, कारण सिन्नर, येवला, नांदगावकडे खड्याचा पहिला आरोपी तोच असतो. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, तसाच पोटात बसत असणार, हा तर्क सहज सुचतो. पण कॉइलवरचा थर कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि तो पाणी तापल्यामुळे बसतो. माणसाच्या मूतखड्यात कार्बोनेटचा वाटा क्षुल्लक असतो. पाण्याचा जडपणा आणि खडे यांचा संबंध शोधणाऱ्या अभ्यासांतून ठाम काही निघालेलं नाही. एवढंच काय, जेवताना पोटात गेलेलं कॅल्शियम अन्नातल्या ऑक्झॅलेटला आतड्यातच बांधतं आणि शौचावाटे बाहेर नेतं. जड पाण्याचा खरा तोटा मला दुसराच दिसतो. ते मचूळ लागतं, म्हणून माणूस कमी पितो. त्यासाठी फिल्टर बसवला तर तो चवीसाठी बसवावा, खडा टळेल या भरवशावर बसवू नये.

दूध बंद करण्याचा सल्ला ऑक्झॅलेट बांधणारं हेच कॅल्शियम तोडतो, म्हणून उलटा पडतो. इटलीत बोर्गी आणि सहकाऱ्यांनी वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला कॅल्शियम कमी असलेला आहार दिला, दुसऱ्याला नेहमीएवढं कॅल्शियम पण मीठ आणि मांस कमी. पाच वर्षांत पहिल्या गटातल्या ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटातल्या ६० पैकी १२ जणांना. हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, तरी दूध-दही तोडायला सांगणारे आजही भेटतात आणि बायकांच्या हाडांची त्यात हानी होते. मीठ मात्र खरंच कमी करावं, कारण मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. पापड, लोणचं, फरसाण, चिवडा आणि मिसळीची दुसरी वाटी यांकडे त्या नजरेने पाहावं. टोमॅटोची बदनामी तर पिंपळगावच्या बाजारपेठेने मनावर घ्यावी इतकी निराधार आहे. पालकात शंभर ग्रॅममागे कित्येकशे मिलिग्रॅम ऑक्झॅलेट असू शकतं, टोमॅटोत अगदी थोडं. पालक, अळू, राजगिरा खाणाऱ्याने सोबत दही किंवा ताक घ्यावं, एवढं बहुतेकांना पुरतं.

पाण्याचा पुरावाही त्याच बोर्गींचा, १९९६ चा. पहिल्यांदाच खडा झालेल्या रुग्णांपैकी एका गटाला दिवसाला दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगितलं. पाच वर्षांत त्यांच्यातल्या ९९ पैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला, आणि काहीच न सांगितलेल्या १०० पैकी २७ जणांना. त्याआधी, १९६० च्या दशकात, यहुदी वाळवंटाच्या डोंगरात वसलेल्या एका नव्या गावातल्या लोकांना पुरेसं पाणी प्यायला शिकवण्याचा प्रयोग झाला होता आणि शिकवलेल्या गटात खडे कमी दिसले होते. एका गावाला शिकवता येतं, तर द्राक्षपट्ट्यातल्या टोळीच्या मुकादमालाही शिकवता येईल. मोजायचं असेल तर प्यायलेले ग्लास मोजू नयेत, लघवीचा रंग पाहावा. ती फिकट पिवळी राहिली पाहिजे. उन्हात राबणाऱ्याला त्यासाठी चार-पाच लिटर पाणीही लागू शकतं. लिंबूपाणी उत्तम, फक्त त्यात मीठ-साखर बेताची हवी. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांनी पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारावं.

घरगुती उपायांबद्दल मी आदराने लिहिलं आहे. कुळथाच्या कढणासोबत पोटात पाणीही जातं, आणि पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे तसेही आपोआप पडतात, त्यामुळे श्रेय कुणाचं हे ठरवणं कठीण. पण पोटाला तोंड लावून खडा ओढून काढण्याचा दावा करणारे आणि तळहातावर वाळूचा कण दाखवणारे जे लोक आहेत, त्यांच्याबद्दल आदर नाही. त्यांच्याकडे गेलेला माणूस कळ थांबली की निर्धास्त होतो आणि आतलं मूत्रपिंड सुजत राहतं. १९८० मध्ये म्युनिकला पहिल्यांदा शरीराबाहेरून लहरींनी खडा फोडला गेला. आज दुर्बिणीने आणि लेझरने खडा काढण्याची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियांचा समावेशही आहे. पैशांच्या भीतीने कुणी तळहातावरच्या वाळूकडे जाऊ नये.

पुढची प्रकरणं क्रमाने वाचावीत असं मी सुचवेन. पण हे पुस्तक कुणाच्या घरात आत्ताच कळ येत असताना उघडलं गेलं असेल, तर वाचत बसू नका. कळेसोबत थंडी वाजून ताप आला असेल, लघवी पूर्ण थांबली असेल, उलट्यांमुळे पाण्याचा थेंबही टिकत नसेल, रुग्णाला एकच मूत्रपिंड असेल किंवा रुग्ण गरोदर बाई असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्या. तुंबलेल्या लघवीत संसर्ग झाला की तो काही तासांत रक्तात पसरू शकतो. अशा वेळी आधी तुंबलेली लघवी मोकळी करून देतात, खडा नंतर काढतात. यातलं काहीच नसेल आणि डॉक्टरांनी खडा पडायची वाट पाहायला सांगितली असेल, तर लघवी स्वच्छ फडक्यातून किंवा चहाच्या जुन्या गाळणीतून गाळून घ्या. जो कण सापडेल तो धुऊन, वाळवून, डबीत घालून प्रयोगशाळेत द्या.